रस्ता एकाचा, वाहतूक दुसऱ्याची

महामार्गालगतचे कोणतेही एक गाव डोळ्यांपुढे आणावे. गावाकडे वळणारा फाटा, फाट्यावर एस. टी.चा थांबा, चहाची दोन दुकाने आणि रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला माध्यमिक शाळा. शाळा भरताना आणि सुटताना मुलांचे थवेच्या थवे हा रस्ता ओलांडतात. एके दिवशी अपघात होतो. ग्रामसभा भरते. फाट्यावर गतिरोधक बसवावा आणि एक वाहतूक पोलीस नेमावा, असा ठराव एकमताने संमत होतो आणि त्याची प्रत तहसील कार्यालयाकडे रवाना होते. तहसीलदार ती पोलीस ठाण्याकडे पाठवितात. पोलीस ठाणे कळविते की, रस्त्यावर बांधकाम करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. बांधकाम उपविभाग कळवितो की, सदर रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्याने तो या उपविभागाच्या अखत्यारीत येत नाही. महामार्गाचे कार्यालय कळविते की, राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक न बसविण्याचे केंद्रीय मंत्रालयाचे धोरण आहे. पोलीस नेमणुकीबाबत जिल्हा पोलीस अधीक्षकांशी संपर्क साधावा. वर्ष सरते. कागद फिरत राहतो आणि मुले रस्ता ओलांडीत राहतात.

या प्रकारातील विशेष हा की, प्रत्येक कार्यालयाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर असते. कोणी टाळाटाळ केली असे नेहमीच म्हणता येत नाही. रस्त्याची मालकी आणि रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रण या दोन गोष्टी आपल्या राज्यव्यवस्थेत मुळातच निरनिराळ्या हाती सोपविलेल्या आहेत. त्यांची वाटणीही एकाच मोजपट्टीने झालेली नाही. रस्त्यांची वाटणी झाली आहे ती रस्त्याच्या दर्जावरून. पोलिसांची झाली आहे ती हद्दीवरून. हा भेद एकदा ध्यानी आला की, ठरावाचा कागद कोठे अडतो हेही उमगते.

घटनेतील तीन सूची

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र व राज्ये यांच्या अधिकारांची विभागणी आहे. संसदेने कायद्याने किंवा कायद्यान्वये राष्ट्रीय म्हणून घोषित केलेले महामार्ग हा विषय संघ सूचीत, २३ व्या क्रमांकावर आहे. उरलेले सर्व रस्ते व पूल राज्य सूचीच्या १३ व्या नोंदीत येतात. ‘पोलीस’ हा विषय राज्य सूचीतच, दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्याला राष्ट्रीय महामार्गांचा अपवाद केलेला नाही. यंत्रचलित वाहने हा विषय मात्र समवर्ती सूचीत, ३५ व्या क्रमांकावर ठेवलेला आहे. म्हणूनच मोटार वाहन अधिनियम संसदेचा असतो, त्याखालील काही नियम केंद्र करते, काही राज्य करते आणि अंमलबजावणी बहुतांशी राज्याची यंत्रणा करते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या मालकीचा असला तरी त्यावर उभा राहून वाहन अडविणारा शिपाई राज्य शासनाचा सेवक असतो. ज्या कायद्यान्वये तो दंड करतो तो संसदेचा. दंडाची रक्कम जमा होते ती राज्याच्या तिजोरीत. पुढे १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी या रचनेत तिसरी पायरी आली. अकराव्या व बाराव्या अनुसूचीत पंचायती आणि नगरपालिका यांच्याकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत रस्ते व पूल यांचा समावेश आहे. पोलीस व वाहतूक नियंत्रण यांचा नाही. ग्रामपंचायत रस्ता बांधू शकते, त्यावर दिवा लावू शकते. परंतु त्या रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या मोटारीला दंड करू शकत नाही.

जयकर समिती आणि नागपूरची परिषद

ही विभागणी घटना समितीच्या बैठकीत एकाएकी जन्माला आली नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर रस्ते हा प्रांतिक विषय झाला आणि प्रांतांनी आपल्या रस्त्यांचा मोठा भाग जिल्हा लोकल बोर्डांकडे सोपविला. बैलगाडीच्या दिवसांत ते ठीकच होते. बैलगाडी फार दूर जात नसे. मोटार मात्र एका दिवसात दोन-तीन जिल्हे ओलांडू लागली आणि ज्या बोर्डाच्या रस्त्याची ती झीज करी, त्या बोर्डाला तिच्यापासून काही मिळत नसे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जयकरांची आठवण आज पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून काढली जाते. देशाच्या रस्त्यांच्या इतिहासातही त्यांचे स्थान तेवढेच महत्त्वाचे आहे. रस्त्यांचा विकास हा स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीबाहेरचा, राष्ट्रीय हिताचा प्रश्न झाला आहे, असे मत समितीने १९२८ च्या अहवालात मांडले. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा आकार बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला तो या शिफारशीमुळे. तोच निधी २००० सालच्या कायद्याने नव्या रूपात आला आणि २०१८ पासून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी या नावाने ओळखला जातो.

रस्त्यांची प्रतवारी ठरली ती १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही पाच नावे नागपूर योजनेतील आहेत. महाराष्ट्रात त्यांत कालांतराने प्रमुख राज्य मार्गाची भर पडली. १ एप्रिल १९४७ पासून केंद्राने त्यावेळी निश्चित झालेल्या राष्ट्रीय महामार्गांचा आर्थिक भार स्वीकारला आणि १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने ते महामार्ग केंद्राच्या मालकीचे झाले. त्यांचा विकास व दुरुस्ती ही केंद्राची जबाबदारी आहे, असे या अधिनियमाचे पाचवे कलम म्हणते. आणि त्याच दमात, ते काम राज्य शासनाकडून करवून घेण्याची मुभाही केंद्राला देते.

या मुभेतून पुष्कळ गुंतागुंत निर्माण झाली आहे. मुंबई–गोवा महामार्गाचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी १७ व आता ६६ असा क्रमांक असलेला हा एकच राष्ट्रीय महामार्ग. पण त्याच्या चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर हा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे राहिला, तर इंदापूरच्या पुढे झारापपर्यंतचा लांबलचक भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आला. मालक एक, बांधणारे दोन. पोलीस मात्र प्रथम रायगडचे, मग रत्नागिरीचे आणि शेवटी सिंधुदुर्गचे. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त खड्डा दिसतो.

दगडाचा रंग

रस्ता कोणाचा हे ओळखण्याची एक सोपी खूण रस्त्याच्या कडेलाच असते. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता होय. दगडावर रा. मा., प्र. जि. मा., इ. जि. मा., ग्रा. मा. अशी आद्याक्षरेही कोठे कोठे आढळतात. महाराष्ट्रात प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग ही सार्वजनिक बांधकाम विभागाची जबाबदारी आहे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून अनेक ग्रामीण रस्ते बारमाही झाले. शहरांतील रस्ते महानगरपालिका व नगरपरिषदा पाहतात. याखेरीज १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यांसारखे प्रकल्प आहेत.

दगडाचा रंग बदलला की जबाबदारी बदलते, आणि रंग बदलतोही. महामार्गाला गावाबाहेरून बाह्यवळण काढले की गावातून जाणारा जुना तुकडा राष्ट्रीय महामार्ग राहत नाही. एकदा दुरुस्ती करून तो राज्याकडे सुपूर्द करण्याची पद्धत आहे. हस्तांतराचा कागद निघेपर्यंतचा काळ हा अशा तुकड्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. जुना मालक खर्च करीत नाही, नव्याला अजून करता येत नाही. मुंबईतील पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्गांचा प्रवासही असाच झाला: सार्वजनिक बांधकाम विभागाकडून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि तेथून २०२२ मध्ये महानगरपालिकेकडे.

दर्जाला किती महत्त्व आहे याचा एक वेगळाच प्रत्यय १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने आला. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला सर्वोच्च न्यायालयाने मनाई करताच, काही राज्यांत शहरांतील महामार्गांना स्थानिक रस्त्यांचा दर्जा देण्याच्या हालचाली सुरू झाल्या. रस्ता होता तेथेच होता. बदलायचे होते ते केवळ त्याचे नाव. नगरपालिका हद्दीतील परवान्यांना हा आदेश लागू नाही, असे जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केल्यावर त्या हालचालींची निकड संपली.

पोलिसाच्या हाती काय आहे?

वाहतूक पोलिसाचे अधिकार सामान्य समजुतीपेक्षा एका बाजूने विस्तृत, तर दुसऱ्या बाजूने संकुचित आहेत. वाहन थांबविणे, कागदपत्रे तपासणे, चालकावर कारवाई करणे, गर्दीच्या वेळी वाहतूक वळविणे हे तो करू शकतो. वाहनाची नोंदणी, परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र हे विषय प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे. खड्डा बुजविणे, दुभाजक बांधणे, पट्टे मारणे हे रस्त्याच्या मालकाचे. महामार्गांवर राज्याची स्वतंत्र महामार्ग पोलीस शाखा गस्त घालते व अपघातप्रसंगी मदत करते. तथापि गुन्हा नोंदविला जातो तो ज्याच्या हद्दीत अपघात झाला त्या स्थानिक पोलीस ठाण्यात. पूर्वी या हद्दीच्या वादात जखमीच्या नातेवाइकांची फार परवड होत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते.

दोन यंत्रणांचे काम एकमेकांत किती गुंतलेले आहे, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ११२ व्या कलमावरून चांगले कळते. वेगाची कमाल मर्यादा केंद्र ठरविते. एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ शाळेसमोर, ती कमी करण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: राजपत्रात अधिसूचना, आणि ११६ व्या कलमानुसार जागेवर उभारलेली खूण, म्हणजेच पाटी. राष्ट्रीय महामार्गावर अशा खुणा उभारण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने महामार्ग प्राधिकरणालाही देण्यात आला आहे. अधिसूचना निघाली पण पाटी लागली नाही, तर चालकाला मर्यादा कळण्याचा मार्ग नाही आणि त्याच्यावरील कारवाईचा पाया कच्चा राहतो. पाटी लागली पण अधिसूचनाच नाही, तर ती पाटी म्हणजे केवळ विनंती. कागद एका कार्यालयातून निघावयाचा, खांब दुसऱ्याने रोवावयाचा आणि दंड तिसऱ्याने करावयाचा, अशी ही साखळी आहे. फाट्याफाट्यावर वाकलेल्या, रंग उडालेल्या, झाडाआड दडलेल्या पाट्या दिसतात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

कायद्याने एक सोयही ठेवली आहे. वेगमर्यादा किंवा ११५ व्या कलमाखालील वाहतूक निर्बंध एक महिन्याहून अधिक काळासाठी नसेल, तर राजपत्रातील अधिसूचनेची आवश्यकता नाही. निर्बंधाला स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरते. जत्रा, आठवडी बाजाराचे मोठे दिवस, पुलाची दुरुस्ती यांसाठी वाहतूक वळविली जाते ती बहुधा याच आधारावर.

वारीच्या वाटेवर

या साऱ्या यंत्रणा एकत्र आल्या म्हणजे काय साधते, हे पाहावयाचे असेल तर आषाढी वारीकडे पाहावे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते तेव्हा तिची वाट पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असते. पुणे शहरात दुसरे आयुक्तालय. दिवे घाट चढून सासवड–जेजुरीच्या बाजूला पुणे ग्रामीणचे अधीक्षक. नीरा नदी ओलांडली की लोणंद–फलटणला सातारा जिल्हा. आणि पुढे नातेपुते–माळशिरसपासून पंढरपूरपर्यंत सोलापूर ग्रामीण. पायाखालचा रस्ताही असाच बदलत जातो: महानगरपालिकेचा, राष्ट्रीय महामार्गाचा, नगरपरिषदेचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्या पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेही केंद्राचेच.

वारकऱ्याला हद्द बदलल्याचे जाणवत नाही, कारण प्रस्थानाच्या कितीतरी आधी जिल्हाधिकारी, पोलीस, बांधकाम, आरोग्य, परिवहन आणि ग्रामपंचायती यांच्या बैठका होतात. कोणता रस्ता कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून बंद राहील, जड वाहने कोठून वळतील, कोणता खड्डा कोणी कोणत्या तारखेपर्यंत बुजवावयाचा, हे लेखी ठरते. अधिकारांची वाटणी तीच, कायदे तेच. फरक इतकाच की तारीख पंचांगाने ठरलेली असते आणि ती पुढे ढकलता येत नाही. शाळेसमोरच्या फाट्याला अशी तारीख नसते.

अपघाताची नोंद

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १५ हजार २२४ महाराष्ट्रातील होती. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के. पण मृत्यूंपैकी ६१ हजार ३८, म्हणजे ३६ टक्क्यांहून अधिक, त्यांच्यावर झाले. ज्या रस्त्यांचा मालक केंद्र आणि पोलीस राज्याचा, त्याच रस्त्यांवर मृत्यूंचे प्रमाण इतके मोठे आहे. वेग आणि वाहनांची संख्या ही त्याची उघड कारणे आहेत. परंतु गावरस्ता येऊन मिळतो त्या ठिकाणाकडे दोन मालकांपैकी कोणीच पूर्णपणे आपले म्हणून पाहत नाही, हेही नाकारता येणार नाही.

राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो टापू अपघातप्रवण स्थळ मानला जातो. तेथे दुरुस्ती करावयाची अभियंत्याने. पण ते स्थळ ठरते पोलीस ठाण्यातील नोंदींवरून. पंचनाम्यात ‘फाट्याजवळ’ एवढेच लिहिले, किलोमीटरचा आकडा टाकला नाही, तर एकाच जागी घडलेले चार अपघात चार जागी विखुरले जातात आणि अभियंत्याच्या नकाशावर तो फाटा उमटतच नाही. २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत एकात्मिक अपघात माहिती प्रणाली प्रथम अमलात आली त्यांत महाराष्ट्र होता. आता पोलीस घटनास्थळावरूनच भ्रमणध्वनीवर नोंद करतात आणि तीच नोंद बांधकाम, परिवहन व आरोग्य यंत्रणांपुढे जाते.

जबाबदारी झटकता येऊ नये म्हणून कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८ अ हे कलम, रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल विहित मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास, संबंधित प्राधिकरण, ठेकेदार व सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरविते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल उचलले. खड्डे व उघडी गटारद्वारे यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला.

ठराव कोठे पाठवावा?

आता पुन्हा त्या फाट्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियमाच्या २१५ व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत पोलीस, बांधकाम व परिवहन या तिन्ही यंत्रणांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात. ज्या ठरावाला चार कार्यालयांतून चार खरी पण अपुरी उत्तरे मिळाली, त्याला एकत्रित उत्तर मिळण्याची जागा हीच. म्हणून ठरावाची प्रत समितीकडे आणि रस्त्याच्या मालकाकडे एकाच वेळी जावी.

ठरावात ‘गतिरोधक बसवावा’ एवढेच लिहिणे पुरेसे होत नाही. राष्ट्रीय महामार्गावर ती मागणी धोरणातच अडते. महामार्गावर खडखडणाऱ्या आडव्या पट्ट्या, पादचारी पट्टे, आगाऊ सूचना देणाऱ्या पाट्या, पथदिवे, कमी केलेली वेगमर्यादा, आणि वर्दळ फार असेल तर भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल असे उपाय असतात. गतिरोधक हवाच असेल, तर महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यावर तो बसविता येतो. फाट्यावर वेगाने येणारी गावातलीच दुचाकी त्यामुळे थबकते, आणि तो रस्ता जिल्हा परिषदेचा असल्याने त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागत नाही. ठरावाच्या पहिल्या ओळीत रस्त्याचा क्रमांक व दोन दगडांमधला नेमका किलोमीटर असावा; दुसरीत शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा व रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची संख्या असावी. ती मोजदाद शाळेतील शिक्षकांना एका आठवड्यात करता येते. मागील तीन वर्षांतील अपघातांच्या तारखा पोलीस ठाण्याच्या नोंदीतून घेऊन सोबत जोडाव्यात. पाटी आधीच उभी असेल तर तिचे छायाचित्र काढून, झाडाची फांदी आड येत असल्यास ते दिसेल असे, तेही लावावे. ती फांदी तोडण्यास मात्र मालकाची लेखी परवानगी घ्यावी, कारण झाडही त्याचेच असते.